बारीक चाळणी

१

दर शनिवारी सकाळी सात वाजता ओटिली रांफ्ट वाळू चाळायला बसायची.

जर्मनीतल्या झूल शहराच्या वरच्या अंगाला, कारखान्याच्या मागे, डोंगराच्या पोटात विटांनी बांधलेला एक बोगदा होता. कारखान्यातून बाहेर पडणारी प्रत्येक बंदूक आधी तिथे चालवून बघायची. या टोकाला नेमबाजाचं टेबल आणि त्या टोकाला, चाळीस पावलांवर, छातीएवढा उंच वाळूचा ढीग. ढिगामागे रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरांची भिंत. आठवडाभर गोळ्या त्या वाळूत शिरत. शनिवारी टिलीने (ओटिली तिला फक्त चर्चमधला पाद्री म्हणायचा) वाळू फावड्याने ओढायची, चाळायची, गोळ्या बादलीत आणि वाळू परत ढिगावर. शेवटी दाताळ्याने ढीग असा सारखा करायचा की वरून मांजर गेलं तरी उद्या ठसे दिसावेत.

हे काम तिला जुलैत मिळालं. आधी वाल्बुर्गा नावाची म्हातारी ते करत असे. ती वारली, आणि कारखान्याचे मुकादम, मास्टर डोर्श, यांनी पॉलिशच्या खात्यातून टिलीला इकडे पाठवलं. "इथे तुमची जीभ कोणाच्या कानाला लागणार नाही, रांफ्टबाई," असं ते सरळ म्हणाले होते. १९३५ साल होतं. लोक आपल्याच स्वयंपाकघरात कुजबुजत बोलायला लागले होते आणि टिली कारखान्याच्या हौदावर मोठ्याने बोलायची. राग तिला नवीन नव्हता. पंधरा वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याला, अल्बिनला, कामगारांचा उठाव मोडायला आलेल्या सैनिकांनी दारूच्या भट्टीच्या भिंतीशी उभं करून मारलं होतं, आणि तरी ती रोज सकाळी उठून बंदुकाच पुसत होती. या गावात दुसरं काम नव्हतं. त्याचा राग वेगळा.

कारखान्याची चाळणी फाटून मोठमोठी भोकं पडलेली. बारीक तुकडे खाली जात, म्हणून टिलीने घरून स्वतःची पिठाची चाळणी आणली. ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी तिला तिच्यात पहिल्यांदा दोरा दिसला.

एका चपट्या झालेल्या गोळीच्या नाकाला निळी लोकर गुंडाळली होती. दोन बोटं लांब. तिने ती सोडवली, कंदिलाशी धरली. असेल कोणाच्या तरी स्वेटरची. नेमबाज नॉटनागेलच्या असेल. तिने दोरा ॲप्रनच्या खिशात टाकला आणि पुढची चाळणी भरली.

दोरा ओला होता. वाळू कोरडी होती. हे तिच्या घरी गेल्यावर लक्षात आलं.

२

पुढच्या शनिवारी हाडाचं बटण निघालं. चार भोकांचं, अर्धं, आणि भोकांत काळा दोरा अजून गाठीसकट.

तिने ते तळहातावर ठेवून बोगद्याच्या तोंडाशी नेलं. गुस्टाव नॉटनागेल टेबलाशी बसून डब्यातली माल्टकॉफी पीत होता. बंदुका तपासणारा नेमबाज तोच. अल्बिनच्या वर्गातला, महायुद्धातून एका कानाने बहिरा होऊन आलेला.

"गुस्टाव, तुझं बटण हरवलंय का रे?"

त्याने बटणाकडे पाहिलं, मग स्वतःच्या छातीकडे. "मला बायको नाही म्हणून माझी बटणं तुटलेलीच असणार, असं का?"

"वाळूत सापडलं."

"वाळू नदीची. नदीत लोक काय काय टाकतात. गेल्या साली वरच्या गावातल्या दुधवाल्याचे दात सापडले होते. कवळी गं, खरे नाहीत." तो हसला, पण हसू अर्ध्यातच संपलं आणि तो परत डब्यात बघायला लागला.

टेबलावर त्या दिवसाच्या बंदुका ओळीने होत्या. आखूड, जाडजूड, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, नळीवर भोकाभोकांचं लोखंडी कवच, आणि डाव्या बाजूला आडवं खुपसायचं मॅगझिन. मशीन पिस्तूल. चाप दाबून धरला की बत्तीस गोळ्या तीन-चार सेकंदांत.

"ही पहिल्यांदा आली तेव्हा माझ्या हातात होती," नॉटनागेल म्हणाला. "अठरा सालच्या उन्हाळ्यात. खंदकात शिरायचं आणि झाडू मारायचा. आम्ही तिला झाडूच म्हणायचो. मग युद्ध हरलो, तहात लिहिलं की ही करायची नाही. पोलिसांना थोड्या ठेवा, बाकी मोडा. मोडल्या का? नकाशे सीमेपार गेले, तिकडे दुसऱ्यांच्या नावाने बनायला लागल्या. स्पेनला गेल्या, चीनला गेल्या, दक्षिण अमेरिकेत कुठल्याशा वाळवंटी लढाईला गेल्या. आता सगळं उघड. कोणापासून लपवायचं?"

"तुला अभिमान वाटतो का रे?"

"मला कानात शिट्टी वाजते," तो म्हणाला. "रात्रंदिवस."

३

टिली वेडी नव्हती, आणि आपण वेडे नाही हे सिद्ध करायची तिला फार चीड यायची. तरी तिने ते केलं.

तिने सगळा ढीग उपसला. दोन दिवस लागले. मास्टरना सांगितलं, वाळूत उंदरांनी बिळं केलीत. मागची स्लीपरांची भिंत तिने हाताने चाचपली. फट नव्हती, बीळ नव्हतं, मागे नुसता खडक. तिने लाउटर नदीवरून नवी वाळू आणवली, ती तीन पाण्यांनी धुतली, अंगणात वाळवली, आपल्या चाळणीतून मूठ-मूठ काढली. पांढरीशुभ्र वाळू. मग ढीग रचला, सारखा केला, आणि बोगद्याला नॉटनागेलसमोर कुलूप घातलं.

"आता आधी शिकारीची रायफल मार," सोमवारी ती त्याला म्हणाली.

"कशाला?"

"मी सांगते म्हणून."

त्याने वीस गोळ्या मारल्या. टिलीने त्या चाळून काढल्या. शिसं, तांब्याचं टरफल, वाळू. बस्स.

"आता ही."

नॉटनागेलने मशीन पिस्तूल उचललं, पण टेबलावरच्या लोखंडी पकडीत बसवलं नाही. "टिली, घरी जा. शनिवारी ये, काम कर, जा. वाल्बुर्गा तेच करायची."

"मार!"

बंद बोगद्यात त्या बंदुकीचा आवाज छातीच्या फासळ्यांवर आदळतो. टिली त्याच्यामागे उभी होती, कानांवर हात दाबून. फैर संपली, नळीतून धूर निघाला, आणि आवाज विटांवरून घरंगळत दूर गेला. मग, आवाज पुरता विरायच्या आत, पलीकडच्या टोकाला काहीतरी झालं. फार हळू. दमून आलेला माणूस पाठीवरचं ओझं जमिनीवर ठेवतो, तसा आवाज.

"ऐकलंस?"

"मी त्या बाजूने बहिरा आहे," नॉटनागेल म्हणाला. चांगला कान त्याने भिंतीकडे केला होता.

वाळूत त्या दिवशी तिला हातमोज्याचा अंगठा सापडला. लाल लोकरीचा. टिलीच्या करंगळीत तो कसाबसा बसला असता. तिने घालून पाहिला नाही. तिने तो बघितला, आणि तिच्या अंगातून जे वर आलं ते भय नव्हतं. नुसती आग होती. कोणीतरी आपली क्रूर थट्टा करतंय असं तिला अजूनही वाटत होतं आणि तो माणूस हाती लागला असता तर तिने त्याचं डोकं फावड्याने फोडलं असतं.

४

मास्टर डोर्शची केबिन काचेची होती, शंभर कामगारांच्या वर लटकल्यासारखी. कोटावर नवं पक्षचिन्ह, टेबलावर मुलांचा फोटो. टिलीने दोरा, बटण आणि हातमोज्याचा अंगठा त्यांच्या कागदांवर ठेवला.

"हे कोण करतंय?"

डोर्शनी वस्तूंकडे पाहिलं. ते चकित झाले असते, हसले असते, रागावले असते, तर टिली समजू शकली असती. ते नुसते थकले.

"बारीक चाळणी तुम्हाला कोणी आणायला सांगितली?"

"म्हणजे?"

त्यांनी उठून दार लावलं. कपाटातून बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा काढला. आत कागदाच्या पुड्या होत्या, नीट रचलेल्या, प्रत्येकीवर पेन्सिलीने महिना आणि साल. अक्षर वाल्बुर्गाचं.

"सतरा वर्षं," डोर्श म्हणाले. "पहिल्या बंदुकीपासून. म्हातारी आणून द्यायची, मी ठेवायचो. फेकवत नाही हो. एकदा शेगडीत टाकून बघितलं. पुढच्या शनिवारी तेच परत वाळूत."

टिलीने पुड्या उघडायला सुरुवात केली. त्यांनी अडवलं नाही. कदाचित इतक्या वर्षांत त्यांनाही कोणाला तरी दाखवायचं असेल.

अठरा सालच्या पुड्यांत जाड निळसर कापड, सैनिकी. फ्रेंच कोटाचं, तिलासुद्धा ओळखू आलं. मग सैनिकी कापड कमी होत गेलं. कॉरडरॉय, कामगारांच्या जाकिटांचं खरखरीत सूत. ज्या वर्षांत बंदुका चोरून परदेशी जात, त्या पुड्यांत गवती दोरीचे चपलेचे तळ, रजईसारखं टाचलेलं सुती कापड, रंगीत पट्ट्यांची कुठल्यातरी डोंगराळ मुलखातली शाल. आणि गेल्या दोन वर्षांच्या पुड्या लहान होत्या. पुड्यांतलं सामान लहान होतं. दप्तराचा हुक. केसांची पिन. फ्रॉकची झालर.

एक पुडी तिने दोनदा वाचली. ऑगस्ट १९१८. आत तपकिरी कॉरडरॉयचा तुकडा आणि त्यावर हिरव्या कापडाचं ठिगळ. आडवे-उभे मोठे टाके, कोपऱ्यात गाठ सैल, कारण ते शिवलं त्या नाताळात तिचं बोट भाजलेलं होतं.

"हे अल्बिनच्या जाकिटाचं आहे," ती म्हणाली.

डोर्शनी डब्याचं झाकण जवळ ओढलं.

"हे ठिगळ मी लावलंय. माझ्या शालीतलं. एकोणीस सालच्या नाताळात." तिचा आवाज चढत होता आणि खाली लेथवरची डोकी वर व्हायला लागली होती. "यावर अठरा लिहिलंय."

"म्हातारीची तारीख कधी चुकत नसे."

"तो जिवंत होता! अठराच्या ऑगस्टमध्ये तो तुमच्याच हाताखाली लेथवर उभा होता! वीसच्या मार्चमध्ये मारला त्याला!"

"ओरडू नका."

"तुम्हाला माहीत होतं?"

"काय माहीत असणार? कापडावर नाव लिहिलेलं असतं का?" डोर्शनी रुमालाने मान पुसली. "मार्चमध्ये त्याला फळीवर घालून आणला तेव्हा मी ठिगळ पाहिलं. तेव्हा कळलं. आधी नाही. शपथ घेतो."

"कोण हे कळलं नसेल. पण कोणीतरी मरणार आहे, हे कळत होतं. सतरा वर्षं कळत होतं."

"रांफ्टबाई, आपण बंदुका करतो. सॉसेज नाही करत. त्या कोणाला तरी लागणारच." हे ते इतक्या सहज म्हणाले की वाक्य रोज घासूनपुसून ठेवलेलं असावं. मग त्यांनी डबा बंद केला, कपाटात ठेवला. "तुमची चाळणी घरी न्या. मी मोठ्या भोकांची मागवतो. मोठी गोळी वर राहील, बाकीचं खाली जाईल, वाळूत राहील. कोणाला त्रास नको."

टिलीला त्या क्षणी वाटलं, हा माणूस आपल्याला घाबरवत असता तर बरं झालं असतं. तो तर तिला मदत करत होता.

५

ढिगाच्या बाजूला भिंतीत एक कोनाडा होता. पूर्वी तिथे तेलाचे डबे ठेवत. सोमवारी टिली त्यात शिरून बसली, गुडघे हनुवटीला लावून. गोळीच्या वाटेपासून हातभर अंतर.

"मी मारणार नाही," नॉटनागेल दुसऱ्या टोकाहून ओरडला. "तुला लागली तर?"

"तू काय नेम चुकणारा आहेस?"

"मी डोळे मिटून मारतो, बाई!"

बोगद्यात ते शब्द घुमले.

"केव्हापासून?" टिलीने विचारलं.

"एकवीसपासून. नळी लोखंडी पकडीत असते, चाप तेवढा ओढायचा. बघायची गरज नसते. वाळूत शिरणाऱ्या गोळीचा आवाज मला पाठ आहे, टिली. काही गोळ्यांचा तो तसा येत नाही."

"मग आज उघडे ठेव. पकड घट्ट कर आणि मार. नाहीतर मी वाळूपुढे येऊन उभी राहते."

ती खरंच उभी राहिली असती. त्याला ते माहीत होतं.

तिने सकाळीच ढीग दाताळ्याने सारखा केला होता. वर लावलेल्या कंदिलाच्या उजेडात वाळू चादरीसारखी दिसत होती. तिने स्वतःला बजावलं, गोळ्या लागतील, वाळू उडेल, खड्डे पडतील, खड्ड्यांना माणूस हवा तो आकार देतो. ढगांत घोडे दिसतात तसं. तू चिडलेली आहेस, झोपलेली नाहीस, हे लक्षात ठेव.

फैर सुटली.

गोळ्या वरच्या भागात लागत होत्या. वाळू तिथे उडत होती, वरून ओघळत होती. आणि खाली, जिथे एकही गोळी लागत नव्हती, ढिगाच्या पायथ्याशी, वाळू दबली. दोन गोल खळगे, शेजारीशेजारी. गुडघे टेकावेत तसे. त्याच्या पुढे हातभर अंतरावर तळवा उमटला, पाच बोटं पसरून, मग दुसरा. मग दोन्ही तळव्यांच्या मध्ये वाळू हळूच आत गेली, एका बाजूला कललेली. गाल ठेवावा तशी.

हवेत काही नव्हतं. तिने डोळे फाडून पाहिलं. धूर, धूळ, कंदिलाचा उजेड.

त्याच्या शेजारी दुसरे गुडघे उमटले. त्यांच्यामधलं अंतर कमी होतं. तळवा आला तो बशीएवढाही नव्हता. आणि फैर थांबल्यावर, सगळं शांत झाल्यावर, त्या लहान तळव्याच्या ठशातली बोटं वाळूत एकदा मिटली. वाळू मुठीत धरल्यासारखी वर आली आणि तशीच राहिली.

टिली कोनाड्यातून कशी बाहेर आली तिला आठवत नव्हतं. नॉटनागेलच्या टेबलापाशी ती आली तेव्हा तो तोंड भिंतीकडे करून उभा होता आणि त्याची पाठ हलत होती.

"पाहिलंस?"

"पाहिलं."

"सांग मला काय पाहिलंस."

"नाही सांगणार," तो म्हणाला. "तू मला मारलंस तरी नाही."

तिने त्याला खरंच मारलं. खांद्यावर, पाठीवर, मुठी वळून, जीव जाईतो. तो हलला नाही. मग ती दमली आणि त्याच्या कोटाच्या बाहीला धरून उभी राहिली.

६

गुरुवारी सकाळी रेडिओवर मोठं भाषण होतं, आणि सगळ्यांना अंगणात रांगेत उभं राहून ते ऐकायचं होतं. कर्ण्यातला आवाज डोंगरावर आपटून परत येत होता. टिली रांगेतून निघाली, जिना चढून काचेच्या केबिनमध्ये गेली आणि डबा कोटाखाली घेऊन खाली आली. कोणी पाहिलं असेल तर त्याने भाषण ऐकत असल्याचं सोंग चालू ठेवलं.

दुपारी बाराला जेवणाची सुट्टी. थंडी होती पण ऊन पडलं होतं, म्हणून लोक फाटकाबाहेर लिंडनच्या झाडांखाली बसायचे, पाव आणि चरबी, डब्यातली कॉफी. टिलीने फाटकासमोरच्या फरसबंदीवर आपली पांढरी चादर अंथरली. चार कोपऱ्यांवर चार दगड. मग पुड्या उघडून एकेक वस्तू मांडली, सालवार, शेजारीशेजारी, बाजारात मांडतात तशी.

लोक आधी हसले. "काय विकतेस, टिली?" पॉलिश खात्यातला एकजण म्हणाला. "चिंध्या? आमच्या घरी आहेत पुष्कळ!"

"या, बघा," टिली म्हणाली. "तुमचाच माल आहे. तुमच्या हातचा. आतल्या वाळूत सापडतो, दर शनिवारी. पहिल्या बंदुकीपासून. मास्टरना विचारा, नॉटनागेलला विचारा. आणि हे बघा, हे माझ्या अल्बिनचं, त्याला मारायच्या दीड वर्ष आधी सापडलंय. माझ्या हातचे टाके आहेत, कोणाला बघायचे असतील तर या! घाबरता कशाला? रोज तर हात लावता!"

दीडशे-दोनशे माणसं असतील. काहींनी पाव खाली ठेवला. जे उठून जायला निघाले तेही चादरीच्या कडेने गेले, कारण फाटक पलीकडे होतं, आणि जाताना त्यांचे डोळे खाली गेले.

पॉलिश खात्यातली हेर्टा पहिली वाकली. तिने केसांची पिन उचलली, कासवाच्या पाठीची, एक दात तुटलेली. उलटी-सुलटी करून पाहिली. तिचं तोंड उघडं राहिलं. मग तिने ती पिन पटकन ॲप्रनच्या खिशात टाकली आणि इकडेतिकडे बघितलं.

"कोणाची आहे ती, हेर्टा?" टिली म्हणाली.

"कुठली?"

"खिशातली!"

"माझ्या खिशात काही नाही," हेर्टा म्हणाली आणि चालू लागली. तिच्या मानेवरच्या शिरा ताठ झालेल्या होत्या.

त्यानंतर ते थांबलं नाही. कोणी ढकलाढकली केली नाही, कोणी रडलं नाही. माणसं येत, उभी राहत, वाकत, आणि एकेक वस्तू नाहीशी होई. दप्तराचा हुक नेला. झालर नेली. सैनिकी राखाडी कापड, नवं, अजून कुठल्याच सैन्याच्या अंगावर नसलेलं, ते एका म्हाताऱ्या लोहाराने घडी घालून टोपीत ठेवलं. त्याला चार मुलगे होते. टिली ओरडत राहिली. "बोला ना! एकमेकांना दाखवा! एकानं तरी तोंड उघडा!" तिचा घसा बसला. तिला कोणी गप्पही केलं नाही. संध्याकाळी पोलीस आले, त्यांनी चादरीवर काय होतं असं विचारलं, तेव्हा दोनशे माणसांपैकी एकानेही काही पाहिलेलं नव्हतं. पुरावा नाही म्हणून तिला नुसतं कामावरून काढलं आणि झूल सोडायला सांगितलं.

पण ते संध्याकाळी. आत्ता पाऊण वाजत आला होता.

डोर्श धापा टाकत आले. केबिनमधलं रिकामं कपाट त्यांनी बघितलेलं होतं. "रांफ्टबाई, हे तुम्ही काय..." ते म्हणाले आणि थांबले. लाल हातमोज्याचा अंगठा चादरीच्या कडेला होता. आठवड्यापूर्वी तो त्यांच्या टेबलावर, फोटोशेजारी पडला होता आणि त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं नव्हतं. आता दुपारच्या उन्हात त्यांनी पाहिलं. कदाचित घरी कोणी या थंडीसाठी लाल लोकर विणायला घेतली असेल. टिलीला माहीत नव्हतं. तिने फक्त त्यांचा चेहरा पाहिला आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला त्या माणसाची कीव आली, क्षणभरच.

"थांबवा ना मग," ती हळू म्हणाली. "मास्टर, तुम्ही थांबवू शकता. आजचा दिवस तरी. बोगदा बंद आहे म्हणा."

डोर्श वाकले, अंगठा उचलला, मुठीत धरला.

भोंगा झाला. लिंडनखालची माणसं उठली, डब्यांची झाकणं लावली आणि आत जायला लागली, रोजच्यासारखी, दोघं-दोघं, तिघं-तिघं. एकेकाचा हात खिशात होता. डोर्श त्यांच्यामधून आत गेले. ते मागे वळले नाहीत.

रस्त्यावर टिली आणि नॉटनागेल राहिले. तो फरसबंदीच्या कडेवर बसला होता.

"तू जा," टिली म्हणाली. "जा, तुझी पाळी आहे."

"नाही जात." त्याने खिशातून बोगद्याची किल्ली काढून गटारात टाकली. "एकवीसलाच टाकायला हवी होती."

चादरीवर अजून बरंच राहिलं होतं. दोरीच्या चपलांचे तळ, टाचलेलं सुती कापड, पट्ट्यांची शाल, निळे फ्रेंच तुकडे. लांबच्या लोकांचं. ते ओळखणारं इथे कोणी नव्हतं. टिली गुडघ्यांवर बसून ते गोळा करायला लागली, आणि नॉटनागेल तिच्याजवळ सरकून तिला मदत करायला लागला. प्रत्येक तुकडा तो वेगळा उचलत होता.

तेवढ्यात डोंगराच्या पोटात फैर झाली.

दोघांचे हात जागीच थांबले. पुन्हा झाली. तीन गोळ्या, थांबा, तीन गोळ्या.

"दुसरी किल्ली कोणाकडे असते?" टिलीने विचारलं.

नॉटनागेलने चांगला कान कारखान्याकडे केला. बराच वेळ ऐकलं.

"डोर्श आहे," तो म्हणाला. "मी रजेवर असलो की तोच मारतो. नेहमी तीन-तीन सोडतो."

"त्याने काय उचललं ते पाहिलंस ना तू?"

"पाहिलं."

आतला आवाज थांबला. मॅगझिन बदलायला लागतो तेवढा वेळ गेला आणि मग तो पुन्हा सुरू झाला. दुपारच्या पाळीत एकोणीस बंदुका तपासायच्या होत्या.